लग्न मोडलं, हप्ता चालू

लग्न मोडलेली माणसं आधी आईवडिलांकडे जातात, मग वकिलाकडे, मग कोर्टात. सगळं आटोपलं असं वाटून घरी गेल्यावर कधीतरी त्यांना आठवतं की एक कर्ज राहिलंय. मग ती माझ्या टेबलाशी यायची. सोलापुरात भवानी पेठेजवळच्या आमच्या शाखेत नोकरीची बरीच वर्षं मी शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर काढली. तेवढ्या काळात मी जितके घटस्फोट पाहिले तितके माझ्या सगळ्या नातेवाइकांनी मिळून पाहिले नसतील. मी स्वतः मात्र एकाच नवऱ्याबरोबर टिकले. तो म्हणतो, त्यात त्याचाच वाटा मोठा आहे. असू दे, म्हणू दे बापड्याला.

बँकवाली म्हटलं की लोकांना वाटतं, ही दिवसभर नोटा मोजत बसत असणार. नोटा मोजायला मशीन आहे. माझं काम माणसं बघायचं होतं. बारावी झालेलं पोर समोर बसायचं, शेजारी बाप, बापाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कॉलेजचं प्रवेशपत्र. पोराची कमाई शून्य. म्हणून त्याच्याबरोबर घरातलं एक कमावतं माणूस कर्जाला उभं राहावं लागतं. त्याला सहकर्जदार म्हणतात. लोकांना वाटतं ही साक्षीदारासारखी सही आहे. तसं नाही. सहकर्जदार हा पोराइतकाच कर्जदार. पोरानं भरलं नाही तर बँक त्याच्या दारात जाते, आणि पोरानं अर्धंच भरलं तरी जाते. शिक्षण चालू असेपर्यंत आणि पुढे वर्षभर बँक दम धरते, मग हप्ता सुरू होतो. मुलीचं लग्न आधीच झालेलं असेल तर बापाच्या जागी नवरा किंवा सासरा सही करतो. इथवर सगळ्यांना कळतं. गाडी अडते ती लग्न मोडल्यावर.

कोर्टाचा कागद टेबलावर ठेवून म्हणायचे, ‘मॅडम, आमचा आता काही संबंध नाही. माझं नाव काढून टाका.’ मी म्हणायची, ‘तुमचा एकमेकांशी नाही. आमच्याशी आहे की.’ हे पटवायला अर्धा दिवस जायचा. नवराबायकोत कोणी किती भरायचं ते कोर्ट ठरवतं, पण ते त्या दोघांपुरतं. बँकेनं पैसे दिलेले असतात ते दोघांच्या सहीवर. त्यातली एक सही सुटायची असेल तर तितक्याच ऐपतीचं दुसरं माणूस आणावं लागतं आणि बँकेनं हो म्हणावं लागतं.

एकदा एक गृहस्थ आले, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. बायकोच्या एमबीएचे हप्ते यांनी भरले आणि नंतर ती सोडून गेली. म्हणाले, ‘जेवढे हप्ते मी भरले तेवढं तिचं शिक्षण माझं झालं की नाही?’ त्यांना बँकेकडून विद्यापीठाला पत्र हवं होतं की पैसे फिटेपर्यंत बाईंना पदवी वापरू देऊ नये. मी म्हटलं, ‘साहेब, टीव्ही असता तर जप्तीचं बघितलं असतं. शिक्षण उचलून आणायची सोय आमच्याकडे नाही.’ ते म्हणाले, ‘असं लेखी द्या.’ लेखी दिलं नाही, चहा दिला. चहा पिता पिता ते एकदम रडायला लागले, आणि मग मला माझ्या विनोदाची लाज वाटली. माणूस पदवी मागायला नव्हताच आला.

पण मला सांगायचंय ते अण्णांचं. नावं बदलली आहेत. बँकेत राहून एवढी सवय तरी लागतेच.

अण्णा श्रीपूरचे, साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर चढली की किती भरेल ते नजरेनं सांगायचे, असं तेच सांगायचे. त्यांचा मुलगा सचिन सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता आणि सून अश्विनीबरोबर भवानी पेठेत भाड्याच्या खोलीत राहायचा. अश्विनी करमाळ्याची, बारावी सायन्स झालेली. लग्नानंतर तिला नर्सिंगला घालायचं हे अण्णांनी ठरवलं. सचिननं नाही, अण्णांनी. तिघं मिळून माझ्यापुढं बसले होते. सचिनच्या पगाराची चिठ्ठीच नव्हती, कधी काम असायचं कधी नसायचं, म्हणून सहकर्जदार अण्णा झाले.

सही करायच्या आधी त्यांनी विचारलं, ‘मॅडम, ही सही कशापायी?’

‘तिनं भरलं नाही तर तुम्ही भरायचं, यापायी.’

‘भरल की. आमचीच पोरगी हाय.’ आणि पेन झटकून त्यांनी सही केली. त्या दिवशी सचिननंही शाखेत बचत खातं उघडलं, त्यामुळे तिघंही तासभर नुसत्या सह्या करत होते. अश्विनी सासऱ्याला मामा म्हणायची, आमच्याकडे म्हणतातच. ‘मामा, तुमचं नाव तुमी लई मोठं काढताय, चौकटीबाहेर जातंय,’ असं ती म्हणाली आणि ते हसले. कर्जाच्या टेबलावर असं हसणं फार ऐकू येत नाही.

पुढं माझी बदली झाली. मधली काही वर्षं मी दुसऱ्या शाखेत सोनेतारणाला होते. तिथं माणसांपेक्षा बांगड्या जास्त बघायला मिळतात. परत जुन्या टेबलावर आले तेव्हा निवृत्ती जवळ आली होती आणि अण्णांच्या घरात होत्याचं नव्हतं झालेलं होतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. लग्न मोडायचं ठरलं की कोर्टाच्या आधी दोन्हीकडची माणसं बसतात आणि देण्याघेण्याचा निकाल लावतात. मुलीचं कपाट, भांडी, गादी तिच्या माहेरी परत. मुलाला घातलेली अंगठी परत, सुनेला घातलेलं सोनं परत. सगळं स्टँपवर लिहायचं, सह्या करायच्या, वर नोटरीचा शिक्का. स्टँपवर आलं म्हणजे देवानं लिहिलं अशी समजूत. अश्विनी आणि सचिनचं शेवटी जमलं नाही, तिचा कोर्स संपायच्या सुमारास करमाळ्यात अशी बैठक झाली, आणि कपाटाच्या, भांड्यांच्या खाली कोणीतरी आठवण केली की बँकेचंही काहीतरी आहे. मग तेही भांड्यासारखंच वाटून टाकलं. अर्धा हप्ता अश्विनीनं, अर्धा सचिननं. पुढं कोर्टातही दोघांनी हेच कबूल केलं. बँकेला विचारायचं कोणालाच सुचलं नाही. आणि अण्णांनी घरी जाऊन निश्चिंत मनानं अंघोळ केली, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

अश्विनीला सोलापुरातच एका खासगी दवाखान्यात नोकरी लागली. हप्ता सुरू झाला, आणि ती दर महिन्याला न चुकता अर्धा हप्ता भरू लागली. वसुलीवाल्यांचा फोन आला की ठणकावून सांगायची, ‘माझा अर्धा मी भरलाय. राहिलेला सचिनकडून घ्या, त्याची पण सही आहे.’ वसुलीची पोरं पुण्याच्या ऑफिसातनं फोन करायची, त्यांना काय कळतंय कोण सचिन. बँकेला अर्धा हप्ता ही गोष्टच ठाऊक नाही. हप्ता एकतर भरलेला असतो नाहीतर थकलेला. अर्ध्याअर्ध्यानं थकबाकी साचत गेली. पत्रं गेली ती भवानी पेठेतल्या खोलीच्या पत्त्यावर, आणि त्या खोलीत आता दुसरंच बिऱ्हाड होतं.

अण्णांनी निवृत्त झाल्यावर मिळालेले सगळे पैसे आमच्याच शाखेत ठेवीला ठेवले होते. श्रीपुरात का नाही ठेवले असं विचारलं तर म्हणाले, ‘घराजवळ ठेवलं की हात लागतोय.’ एके दिवशी ते सचिनला घेऊन ती ठेव मोडायला आले. पिठाची गिरणी घालायची होती, कारखान्याच्या वसाहतीजवळ गाळा बघून ठेवला होता. ठेवीच्या काउंटरवरच्या मुलीनं खातं उघडलं आणि मला हाक मारली. ठेव अडवलेली होती.

मी अण्णांना माझ्या टेबलाशी आणलं, पाणी दिलं आणि सांगितलं. कर्ज थकलंय. तुमची सही आहे, म्हणून तुमची ठेव बँकेनं धरून ठेवलीय.

‘पर त्ये तर स्टँपवर वाटून झालंय की, मॅडम.’

‘त्या स्टँपवर बँकेची सही आहे का, अण्णा?’

त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. रागावले असते तर बरं झालं असतं. सचिनच बोलला, ‘तिच्याकडनं वसूल करा की. पगार उचलतीया दर महिन्याला.’ अण्णांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. एवढंच विचारलं, ‘पोरगी बरी हाय न्हवं?’

अण्णांसमोर जे बोलले नाही ते इथं सांगते. आणखी थोडे दिवस असंच गेलं असतं तर ते खातं बुडीत धरलं गेलं असतं. मग बँकेला नुसती थकबाकी नाही, पूर्ण कर्ज एकदम मागायचा हक्क येतो. ते ठेवीतनं कापलं असतं तर अण्णांच्या आयुष्यभराच्या नोकरीतलं जेमतेम गिरणीचा पट्टा येईल एवढं उरलं असतं. आमचे मॅनेजर साहेब तरुण, नागपूरकडचे, स्वभावानं चांगले. पण मार्च जवळ आला की त्यांना झोप लागायची नाही. ते म्हणाले, ‘मॅडम, ठेव हातात आहे, कर्जात वळती करून मोकळे होऊ.’ नियमानं त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, ‘शनिवारपर्यंत थांबा. शनिवारी मी स्वतः फाईल आणून देते.’ ते थांबले, हे त्यांचे उपकार.

मी अश्विनीला फोन केला. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून ती आली. चेहऱ्यावर थकवा होता आणि भांडायची तयारीही. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, ‘मॅडम, मी पूर्ण हप्ता भरणार नाही. एकदा पूर्ण भरायला लागले की तो जन्मात भरणार नाही. त्यानं कोर्टात कबूल केलंय. तुम्ही त्याला पकडा, मला नाही.’

खरं सांगते, मला तिचं पटलं. न्यायानं तिचं बरोबरच होतं. पण न्याय कोर्टात चालतो, आणि आमच्याकडे फाईल चालते. मी फाईल तिच्यापुढं उघडली.

‘यात सचिनची सही दाखव.’

तिनं पानं उलटली. परत उलटली. ‘त्या दिवशी तो पण सह्या करत होता की.’

‘त्या बचत खात्याच्या. या कर्जाला तू आहेस आणि अण्णा आहेत. सचिन कुठंच नाही.’

तिचा हात त्या चौकटीबाहेर गेलेल्या सहीवरच थांबला. मग मी ठेवीचं सांगितलं. ती खुर्चीत मागं टेकली आणि म्हणाली, ‘मला त्याला वठणीवर आणायचं होतं, मॅडम. मामांना नाही.’ थोड्या वेळानं म्हणाली, ‘मामांनी मला शिकवलं. माझ्या बापानं नाही, मामांनी.’ आणि माझ्यादेखत तिनं डोळे पुसले, ओढणीच्या टोकानं, शाळेतल्या पोरीसारखे.

शनिवारी मी तिघांनाही एकाच वेळी बोलावलं. मॅनेजर साहेबांना वाटलं मी बँकेत पंचायत भरवतेय. भरवतच होते. अण्णा आत आले तशी अश्विनी उठून उभी राहिली आणि तिचा हात आपोआप डोक्याकडे गेला. अंगात पंजाबी ड्रेस होता, पदर कुठून असणार. ती ओशाळली.

‘बस गं बाय,’ अण्णा म्हणाले. ‘जेवलीस का?’

सचिन भिंतीकडं बघत होता. बसता बसता म्हणाला, ‘पूर्ण पगार हातात येतोय, पूर्ण भरायला काय झालंय हिला?’

‘कोर्टात काय कबूल केलंस?’ अश्विनी म्हणाली.

‘गप बसा दोघं,’ अण्णा म्हणाले आणि माझ्याकडं वळले. ‘मॅडम, हिनं किती भरलं?’

‘दर महिन्याला अर्धं. एकदाही चुकवलं नाही.’

‘आन ह्यानं?’

मी सचिनकडं बघितलं. ‘त्याच्याकडून काही आलेलं नाही.’

‘म्हंजी थकलंय त्ये समदं ह्याचं.’

‘बँकेच्या दृष्टीनं तसं नसतं, अण्णा...’

‘बँकेचं ऱ्हाऊ द्या. घरातलं बोला.’

‘घरातलं म्हणाल तर ह्याचंच.’

‘मग ह्याच्याच पैशातनं कापा.’

मला कळेना. म्हटलं, ‘ह्याचे पैसे आहेत कुठं?’

‘ही ठेव कुणाची मग? गिरणी कुणासाठी घालत हुतो मी? टॉवेलचं काम धड न्हाय, दुसरं लगीन केलंय, म्हटलं हाताला काय तरी लावून द्यावं. मला काय भाकरी चावंना झालीया, मी कशाला गिरणी घालू? हिची अर्धी हिनं भरली. तुझी अर्धी तुझ्या गिरणीतनं जाऊ दे.’

सचिनचा चेहरा खर्रकन उतरला. तोपर्यंत त्याला वाटत होतं, हे बाप आणि बायको यांच्यातलं, म्हणजे आधीच्या बायकोतलं, काहीतरी आहे. गिरणीपर्यंत येईल असं त्याच्या डोक्यातच नव्हतं. पण मी त्याला फार बोल लावणार नाही. कामाची शाश्वती नसलेला माणूस पुढच्या महिन्यापलीकडं बघत नाही, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात हा हप्ता कधीच बसला नव्हता.

खरी गंमत त्यानंतर झाली. अश्विनी म्हणाली, ‘मामा, तुमच्या ठेवीला हात लावायचा नाही. मी भरते सगळं. ओव्हरटाइम करीन.’

‘तू कशाला? तुझं तू भरलंस.’

‘तुमच्या घरातलं मला काही नको.’

‘घरातलं कुटं देतोय? ह्याचं ह्याच्या वाट्याचं देतोय. तुला काय दिलं मी?’

‘मामा, मी सांगते ते ऐका.’

‘मी तुझ्या शिक्षणावर सही केली हुती. लगीन मोडलं, शिक्षण कुटं मोडलंय?’

दोघांचे आवाज चढले. सगळी शाखा बघायला लागली. मॅनेजर साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांना वाटलं मारामारी होतेय. माझ्या टेबलाशी आयुष्यभर माणसं भांडली ती दुसऱ्यानं भरावं म्हणून. मीच भरणार म्हणून हातघाईवर आलेली माणसं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि मला इतकं बरं वाटलं की मी जरा वेळ त्यांना भांडू दिलं.

शेवट मीच केला. मागची थकबाकी अण्णांच्या ठेवीतून, ती सचिनच्या वाट्याची म्हणून. पुढचा अर्धा हप्ता सचिनच्या बचत खात्यातून दर महिन्याला आपोआप वळता, त्यावर आत्ता, इथं, माझ्यासमोर सही. उरलेला अर्धा अश्विनीचा, आहे तसा. दोन्ही अर्धे एकाच दिवशी जमा, म्हणजे बँकेला पूर्ण हप्ता दिसेल. सचिननं सही केली. बाहेर जाताना हळूच म्हणाला, ‘मॅडम, मला वाटलं हुतं पगारदार हाय, तिला काय जड न्हाय.’ मी म्हटलं, ‘तिला जड होतं की नाही ते तिला विचारायचं होतंस.’

उरलेल्या पैशात नवी गिरणी बसली नाही. कुर्डुवाडीकडची जुनी मिळाली, ती दुरुस्त करून घातली. चालते चांगली. मध्ये एकदा अण्णा ज्वारीचं पीठ घेऊन आले, पिशवीभर. लाच म्हणावी एवढं ते नव्हतं, आणि भाकऱ्या चांगल्या झाल्या.

सगळ्यांचं असं झालं नाही. एका विधवा सासूबाईंची ठेव माझ्याच हातानं वळती झाली. सून दूर गावी निघून गेली होती, फोन उचलत नव्हती, मुलगा भेटायलाच आला नाही. मी शनिवारपर्यंत थांबा म्हटलं, शनिवार गेला, पुढचा सोमवार आला. त्या बाईंनी माझ्यावर राग धरला नाही, याचाच मला जास्त त्रास होतो. त्यांच्यासारख्यांसाठी मी नंतर एक करायची. सही घ्यायच्या आधी सासू असो, सासरा असो, त्यांना सुनेशेजारून उठवून बाजूला न्यायची आणि विचारायची, उद्या ही तुमच्या घरात नसली तरी भराल का? काही जण चिडायचे, अपशकुनी म्हणायचे. एकदोघं सही न करता उठूनही गेले. त्या मुलींचं शिक्षण राहिलं असेल का, हा विचार मला अजून येतो.

माझ्या निवृत्तीला थोडा अवधी उरला असताना अश्विनी परत आली. पगार वाढला होता, अंगावर जरा मांस आलं होतं. म्हणाली, ‘मॅडम, मामांचं नाव काढायचंय. माझं ओझं त्यांच्या डोक्यावर कशाला? माझ्या भावाला उभं करते.’ नियमात बसत होतं. भाऊ करमाळ्याच्या बाजार समितीत एका आडतीवर दिवाणजी होता, पगाराचा पुरावा होता. मी कागद तयार केले, वरून मंजुरी आणली. आता फक्त सगळ्यांच्या सह्या. भाऊ नेमका आवकेचा दिवस बुडवून आला होता, त्यामुळे कपाळाला आठ्या. अण्णा श्रीपूरहून पहिल्या एसटीनं आले.

मी अण्णांना समजावून सांगितलं. इथं सही केली की तुम्ही सुटलात. उद्या हिनं भरलं नाही तरी तुमच्या दारात कोणी येणार नाही.

त्यांनी पेन हातात घेतलं. मग विचारलं, ‘मॅडम, मग त्यो मेसेज यायचा बंद व्हईल व्हय?’

‘कोणता मेसेज?’

खिशातून त्यांनी साधा, बटणांचा मोबाईल काढला. तो गोंधळ निस्तरल्यावर मी त्यांचा स्वतःचा नंबर कर्जखात्याला जोडून दिला होता, पुन्हा पत्रं भलत्याच पत्त्यावर जायला नकोत म्हणून. तेव्हापासून हप्ता जमा झाला की बँकेचा मेसेज त्यांना जात होता. माझ्या दृष्टीनं ती एक नोंद होती, केली आणि विसरले.

‘दर म्हयन्याला येतोय,’ अण्णा म्हणाले. ‘मला इंग्रजी वाचाय येत न्हाय, पर हिचं नाव वळखू येतंय. आला की कळतंय, पोरगी कामावर जातीया, बरी हाय.’

अश्विनी त्यांच्याकडं बघतच राहिली. ‘मामा, मी फोन करीन की दर महिन्याला.’

‘तू करशील गं. पर उद्या तुझं लगीन हुईल. नव्या घरात काय सांगशील, जुन्या सासऱ्याला फोन करतीया म्हणून? बँकेचं बरं असतंय. बँकेचा मेसेज आला तर कुणाला काय वाटत न्हाय.’

अण्णांनी पेनाला टोपण लावलं आणि ते माझ्यापुढं ठेवलं. भाऊ म्हणाला, ‘मग माझी सही नको ना? मी निघू?’ त्याला करमाळ्याची गाडी गाठायची होती. अण्णांची संमती नाही म्हटल्यावर नियमानं पुढं काही होणारच नव्हतं. मी मंजूर झालेले कागद फाडून टोपलीत टाकले. नोकरीत इतक्या समाधानानं मी दुसरा कागद फाडला नाही.

मी निवृत्त होऊन आता घरी असते. मध्यंतरी अश्विनी भेटायला आली, होणाऱ्या नवऱ्याला दाखवायला. मुलगा दवाखान्यातच लॅबमध्ये आहे, शांत आहे. चहा झाला. बोलता बोलता तिनं सांगितलं की बोनस आणि साठवलेलं मिळून आता हातात इतकं आहे की कर्जाचं राहिलेलं सगळं एका दिवसात भरून खातं बंद करता येईल.

‘मग कर की बंद,’ मी सवयीनं म्हटलं. ‘उगीच व्याज कशाला भरतेस?’

‘नको, मॅडम,’ ती म्हणाली. ‘राहू दे हप्त्यानंच.’

उभ्या नोकरीत मी लोकांना एकच सांगत आले की कर्ज लवकर फेडा, व्याज वाचतं. तिला मी परत सांगितलं नाही. दोघांना आणखी अर्धा अर्धा कप चहा दिला.